लायटरचा खडा आणि वॉल्व्हची बॉडी: बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या फाउंड्रीच्या प्रकल्प नोंदी

१२ जून २०२४

आज पुन्हा तीन नमुन्यांपैकी एकाने दगा दिला. उणे ४६ अंशांवर चार्पीचे, म्हणजे नमुना एका घावात तोडायला लागलेल्या ऊर्जेचे, आकडे आले ३१, १२ आणि २२ ज्यूल. आम्ही वॉल्व्हच्या बॉडी ज्या पोलादात ओततो त्या एलसीबी ग्रेडला तिन्हींची सरासरी १८ लागते, ती भरते. पण एकही नमुना १४ च्या खाली जाऊन चालत नाही, आणि मधला बसला १२ वर. सगळा लॉट अडकला. शेठ म्हणाले, "पास पण आणि नापास पण, हे काय नवीन?" नवीन काहीच नाही, या वर्षातली ही तिसरी वेळ.

स्पेक्ट्रोचा, म्हणजे रासायनिक घटकांचा, कागद बघितला तर दोष कुठे ठेवायचा तेच कळत नाही. कार्बन, मँगनीज, सिलिकॉन सगळं हद्दीत. सल्फर ०.०२१ टक्के, तोही चालण्यासारखा. म्हणून तुटलेल्या नमुन्याच्या शेजारचा तुकडा कापून, आरशासारखा पॉलिश करून, नायटल (कण दाखवणारं आम्लाचं द्रावण) न लावता तसाच सूक्ष्मदर्शकाखाली धरला. उत्तर समोरच होतं. फिकट करड्या ठिपक्यांच्या रांगा, भिंतीच्या कडेने मुंग्या चालाव्यात तशा, पोलादाच्या स्फटिककणांच्या सीमा धरून चाललेल्या. मँगनीज सल्फाइड, दुसऱ्या प्रकारचं, म्हणजे कणसीमेवर रांगेने बसणारं. सिम्स आणि डाल यांनी १९३८ मध्ये ओतीव पोलादातली सल्फाइडं पाहून ठेवली, तेव्हापासून हा प्रकार फाउंड्रीवाल्यांच्या डोक्याला ताप आहे.

गंमत अशी की हा ताप आपणच ओढवून घेतो. ॲल्युमिनियम न घालता ओतलं तर कास्टिंगमध्ये वायूची छिद्रं पडतात. घातलं तर धातूतला विरघळलेला ऑक्सिजन उतरतो, आणि ऑक्सिजन उतरला की सल्फर द्रवात जास्त वेळ टिकून राहतो. मग तो अगदी शेवटी, जिथे शेवटचा थेंब गोठतो तिथेच, म्हणजे कणसीमेवर, सल्फाइड होऊन बसतो. तडा शोधत असतो ती वाट आयती आखून मिळते.

सल्फरच काढून टाकावा म्हटलं तर आमची भट्टी २५० किलोची इंडक्शन, अस्तर सिलिकाचं. आम्लधर्मी अस्तरात चुन्याचा स्लॅग (धातूवर तरंगणारी मळी) धरून सल्फर काढायला गेलो तर आधी अस्तरच जाईल. भंगारातून जो सल्फर येतो तो कास्टिंगमध्ये जातो. म्हणजे त्याला घालवता येत नाही, फक्त त्याचा आकार बदलता येतो.

१५ जून

आकार बदलायचे दोन रस्ते: कॅल्शियम नाहीतर रेअर अर्थ (सिरियम, लँथनम वगैरे धातू). मोठ्या पोलाद कारखान्यांत कॅल्शियमच चालतं. सत्तरच्या दशकात अमेरिकेत पाइपलाइनच्या पोलादात रेअर अर्थ घालायची पद्धत बरीच होती. पुढे सल्फर मुळातच फार खाली आणता येऊ लागला, कॅल्शियमच्या तारा आल्या, आणि ती मागे पडली. पण कॅल्शियम १४८४ अंशांना उकळतो. आपलं पोलाद असतं १६०० च्या आसपास. खोल लेडलच्या, म्हणजे वितळलेला धातू घ्यायच्या भांड्याच्या, तळाशी तार सोडली तर वरच्या धातूच्या दाबाने काही तरी पदरात पडतं. आमचं लेडल म्हणजे मोठी बादली. त्यात कॅल्शियम टाकला तर धूर आणि शिंतोडे एवढंच मिळेल. सिरियमचा उत्कलनबिंदू ३४०० च्या वर आहे. तो उकळून पळून जात नाही.

मिशमेटल, म्हणजे रेअर अर्थ धातूंचं मिश्रण, मागवलं. सिरियम साधारण निम्मा, मग लँथनम, निओडिमियम आणि थोडा प्रेसिओडिमियम. नावात "दुर्मिळ" असलं तरी पृथ्वीच्या कवचात सिरियम जवळपास तांब्याइतका आहे. आपल्याकडे केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत तो सापडतो, आणि आलुव्याला ती वाळू फोडायचं काम १९५० च्या दशकापासून चालू आहे. हे मी जेवणाच्या सुट्टीत सांगत होतो तर भट्टीवरच्या मास्तरांनी एक तुकडा उचलून कानशीवर घासला. पिवळ्या ठिणग्यांचा झोत उडाला. "साहेब, आ तो लाइटरनो पथ्थर छे!" बरोबर ओळखलं त्यांनी. लायटरच्या खड्यात हेच असतं, लोखंड मिसळून कडक केलेलं.

पुढची हकीकतही त्यांनाच ठाऊक होती: आधीच्या फाउंड्रीत ते गोळाकार ग्रॅफाइटचं बीड ओतायचे, तिथल्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूत सिरियम असायचाच. बीडवाल्यांना तो १९४८ पासून माहीत आहे. आम्ही पोलादवाले उशिरा जागे झालो.

१८ जून

वही घेऊन हिशेब मांडला. २५० किलोत ०.०२१ टक्के म्हणजे साडेबावन्न ग्रॅम सल्फर. सिरियम सल्फाइडात सल्फरच्या जेमतेम तिप्पट सिरियम जातो, म्हणजे १५७ ग्रॅम. पण सिरियम आधी ऑक्सिजनकडे धावतो, मग ऑक्सिसल्फाइड, आणि मग उरला तर सल्फाइड. बाहेरच्या लॅबचा जुना रिपोर्ट काढला, एकूण ऑक्सिजन ९० पीपीएम (दशलक्षात ९० भाग). म्हणजे साडेबावीस ग्रॅम, आणि त्याला सुमारे १३० ग्रॅम सिरियम. बेरीज २८७. वाटेत तीसएक टक्के जळेल असं धरलं तर ४१० ग्रॅम.

बेरीज चुकलेली नाही, तीन वेळा तपासली.

२४ जून — हीट १ (प्रयोगाचा पहिला घाणा)

मिशमेटलची घनता पोलादाच्या द्रवापेक्षा कमी. वरून टाकलं तर लाकडासारखं तरंगेल आणि तरंगता तरंगता जळून जाईल. म्हणून पत्र्याच्या डब्यात भरून डबा सळईच्या टोकाला बांधला. मास्तरांनी निम्मं लेडल भरल्यावर डबा तळापर्यंत दाबून धरला. मी मोजलं, अकरा सेकंद. पांढरा लख्ख उजेड, थोडा धूर, आणि धातूच्या पोटातून गुडगुड. भट्टीत टाकायचं नाही हे मी आधीच बजावलं होतं. सिरियम सिलिकाच्या अस्तरातूनही ऑक्सिजन ओढून घेतो, अस्तर झिजतं आणि सिलिकॉन वर चढतो.

ॲल्युमिनियम आणि मिशमेटलमध्ये अंतर किती ठेवलं? ठेवलंच नाही. ॲल्युमिनियमची कांडी गेली आणि पाठोपाठ डबा. तेव्हा वाटलं, काय फरक पडतो.

चार्पीच्या पट्ट्या कील ब्लॉकमधून, म्हणजे चाचणीसाठी सोबत ओतलेल्या ठोकळ्यातून, काढायच्या. ९२० ला नॉर्मलायझिंग (तापवून हवेत गार करणं), ६५० ला टेंपरिंग (पुन्हा तापवणं).

५ जुलै

आकडे: १४, ११, १३.

न घालताच बरं होतं. शेठनी कागद बघितला, चष्मा काढला आणि काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

८ जुलै

ट्रेनी मुलगी, शियापुऱ्यातली, यंदाच डिप्लोमा करून आली आहे, तिला पॉलिशिंगला बसवलं. संध्याकाळी ती म्हणाली, "सर, सल्फाइडच्या रांगा गेल्यात. पण सगळीकडे खड्डेच खड्डे आहेत." मी पाहिलं. खरंच, काळे बारीक खड्डे, कुठे एकटे तर कुठे पुंजक्याने. पोरॉसिटी, म्हणजे वायूची छिद्रं, मी म्हणालो, आणि वहीत तसं लिहूनही टाकलं.

९ जुलै

कालची नोंद खोडली.

ती मुलगी आज हट्टाला पेटली. म्हणे, खड्डे सकाळी कमी होते, परत पाण्याने पॉलिश केल्यावर वाढले. पोरॉसिटी पाण्याने वाढत नाही! तेव्हा डोक्यात उजेड पडला. रेअर अर्थची सल्फाइडं पाण्यात टिकत नाहीत, हळूहळू विरघळून निघून जातात आणि मागे जागा राहते. शेवटचं पॉलिश पाणी न लावता, डायमंड पेस्ट आणि अल्कोहोलवर करून घेतलं. खड्ड्यांच्या जागी गोल करडे मणी दिसले. दहा-बारा वर्षं सूक्ष्मदर्शक चालवून मी जे चुकीचं लिहिलं ते तिने एका दिवसात दुरुस्त केलं. तिला शेव-उसळ खाऊ घातली, जास्तीची तिखट तर्री घालून.

म्हणजे आकार बदलला होता. रांगा मोडल्या होत्या. मग ज्यूल का पडले?

१९ जुलै

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा तास भाड्याने मिळाला. वाटेत कलाभवनावरून गेलो. सयाजीरावांनी १८९० मध्ये धंदेशिक्षणासाठी ते काढलं. आमचे आजोबा तिथे सुतारकाम शिकले, आणि हे घरात प्रत्येक पाहुण्याला सांगितलं जातं. असो.

पडद्यावर जे दिसलं ते लिहून ठेवतो. मागे फिरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या चित्रात जड मूलद्रव्य उजळ दिसतं. लोखंडाचा अणुक्रमांक २६, सिरियमचा ५८. त्यामुळे करड्या पटावर रेअर अर्थचे कण चांदण्यासारखे चमकतात, आणि जुनं मँगनीज सल्फाइड असतं तर ते उलट काळं दिसलं असतं. एकटे मणी होते, दोन-तीन मायक्रॉनचे, सुरेख. पण त्यांच्यामध्ये पुंजके होते. पन्नास-साठ मायक्रॉनपर्यंत पसरलेले, द्राक्षांच्या घडासारखे. एक पुंजका मोठा करून पाहिला. प्रत्येक मण्याच्या पोटात काळा गाभा आणि भोवती उजळ कवच. गाभ्यावर किरण धरला तर ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन. कवचात सिरियम, लँथनम, ऑक्सिजन आणि काठाला सल्फर.

सगळी गोष्ट त्या एका मण्यात लिहिलेली आहे. ॲल्युमिनियम गेला, ॲल्युमिना तयार झाला. त्याला वर यायला आम्ही वेळच दिला नाही. पाठोपाठ सिरियम आला आणि तो ॲल्युमिनावर तुटून पडला. हलका कण जड झाला. ॲल्युमिनाची घनता चारच्या आसपास, तो वर तरंगून स्लॅगमध्ये गेला असता. सिरियमचा ऑक्साइड किंवा ऑक्सिसल्फाइड सहाच्या घरात, पोलादाचा द्रव सातच्या. वर चढायची ताकदच उरली नाही. माझ्या बेरजेत ऑक्सिजनसाठी १३० ग्रॅम जास्तीचे धरले होते. त्यांनी ऑक्सिजन घालवला नाही, आतच अडकवून ठेवला. वर डोस ०.१६ टक्क्यांवर गेला. बेरीज बरोबर होती, प्रश्नच चुकीचा मांडला होता.

२ ऑगस्ट — हीट २

बदल तीन. एक, धातू भट्टीतून बाहेर काढतानाच ॲल्युमिनियम घालायचं, आणि लेडल भरल्यावर तीन मिनिटं कोणीही हात लावायचा नाही. त्यासाठी धातू तीस अंश जास्त तापवला. दोन, स्लॅग पूर्ण ओढून काढायचा. तीन, मिशमेटल फक्त २०० ग्रॅम.

तीन मिनिटं थांबणं हे कागदावर सोपं. तापलेल्या लेडलसमोर मास्तरांना थांबवून ठेवणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत वाढपी उभा असताना जेवू नका म्हणण्यासारखं. "ठंडु थई जशे, साहेब," हे ते सात वेळा म्हणाले. सातव्या वेळी मीही घाबरलो होतो.

१३ ऑगस्ट

३४, २९, ३८.

दोनदा वाचलं. सगळ्यात कमी आकडा जुन्या हीटच्या सरासरीपेक्षा वर. मला वरच्या आकड्यापेक्षा या एकोणतीसचं कौतुक. तुटलेल्या तोंडावर धाग्यांसारखा, मळकट भाग वाढलेला दिसतो. जुन्या नमुन्याचं तोंड साखरेच्या खड्यासारखं चकाकत होतं. बाहेरून सिरियम आणि लँथनम मोजून आणले: मिळून ०.०५ टक्के. सल्फर ०.०१९. गुणोत्तर अडीचच्या थोडं वर.

मात्र ताणाच्या चाचणीत ताकद जशीच्या तशी. तुटायचा ताण दोन्ही हीटमध्ये एकाच पट्ट्यात. लांबण्याची टक्केवारी २५ वरून २९, आकुंचन त्याहून जास्त सुधारलं. नायटल लावून पोलादाची फेराइट-परलाइट रचना पाहिली तर कणाचा आकार जवळपास तोच. मी मुद्दाम लिहितो, कारण विकणाऱ्याच्या पत्रकात "कण बारीक होतात, ताकद वाढते" असं छापलं होतं. गोठतानाच्या रचनेत सिरियमचे कण बीजासारखं काम करू शकतात हे खरं. पण पुढे नॉर्मलायझिंगमध्ये पोलादाचे कण नव्याने जन्माला येतात, तेव्हा आमच्या कास्टिंगमध्ये त्या बीजांचं फारसं चालत नाही. आम्हाला जे मिळालं ते सल्फाइडच्या आकारामुळे मिळालं.

२१ ऑगस्ट — हीट ३

तीच पद्धत, फक्त १५० ग्रॅम. २७, २५, ३०. काही ठिकाणी जुन्या सल्फाइडच्या तुटक रांगा परत दिसल्या. म्हणजे कमी पडलं. २०० च ठीक.

एक नवं दुखणं: शेवटचे चाळीसएक किलो लेडलच्या तळातल्या नोझलमधून निघेनात. धार बारीक होत होत बंद. नंतर नोझल फोडून पाहिलं तर आतल्या भिंतीवर राखाडी थर, चहाच्या किटलीत बसतो तसा. हे रेअर अर्थचे ऑक्साइडच, मातीच्या भिंतीला धरून बसतात. पुढच्या वेळी तळातून ओतायचं नाही, चोचीच्या लेडलमधून.

३१ ऑगस्ट

दहा दिवस काहीच लिहिलं नाही. विश्वामित्री नदी २५ फुटांच्या धोक्याच्या खुणेच्या वर, पार ३५ ओलांडून गेली. अर्ध्या शहरात पाणी, मगरी रस्त्यावर. घरच्या तळमजल्यावरचं सामान माळ्यावर चढवलं. कारखान्यात स्टोअरमध्ये घोट्याच्या वर पाणी. भट्टी उंचावर आहे म्हणून वाचली, अस्तर मात्र सुकवून घ्यावं लागेल.

मिशमेटलचा डबा खालच्या फळीवर होता. झाकण फुगलेलं. पाण्याशी मिशमेटलची हळू हळू क्रिया होते आणि हायड्रोजन सुटतो, म्हणून मास्तरांना बिडी दूर ठेवायला लावून उघड्यावर उघडला. आत तेलाचा तवंग, आणि तुकड्यांवर पांढुरकी, चुरचुरीत भुकटी.

१८ सप्टेंबर — हीट ४

काल विसर्जन झालं, आज निम्मी माणसं. नवा माल यायला तीन आठवडे, आणि ग्राहकाचा तगादा रोजचा. पुराच्या डब्यातले तुकडे पुसून वापरले. नको वापरूया असं मनात आलं होतं, हे इथे प्रामाणिकपणे लिहितो.

२७ सप्टेंबर

२६, १५, २४. पंधरावाला नमुना ज्या ठिकाणी फुटायला लागला तिथे एकच मोठा तुकडा, जवळपास शंभर मायक्रॉन. उजळ, ओबडधोबड, नुसता ऑक्साइड, सल्फर नाही. हा पोलादात तयार झाला नाही. हा डब्यातून आला. मी पोलादाचा ऑक्सिजन मोजत बसलो आणि मिशमेटलच्या अंगावरचा ऑक्सिजन स्वतःच्या हाताने आत सोडला.

योगायोग म्हणजे चीनच्या शेनयांगमधल्या धातुसंशोधन संस्थेच्या लोकांचं २०२२ चं काम नेमकं यावरच आहे: पोलाद आणि रेअर अर्थ, दोन्हीतला ऑक्सिजन खाली आणल्याशिवाय परिणाम एकसारखे मिळत नाहीत. हे मी जूनमध्येच वाचलं होतं. वाचताना "पोलाद" या शब्दाखाली रेघ मारली होती, "रेअर अर्थ"च्या खाली नाही.

१५ ऑक्टोबर — हीट ५

दसरा झाला. नवरात्रभर मास्तर गरबा खेळून पहाटे दोनला घरी आणि आठला भट्टीवर. डोळे लाल, पण हात स्थिर. नवा माल आला, तेलात बुडालेला. वापरायच्या अर्धा तास आधी बाहेर काढला, तेल पुसलं, जिथे करडं दिसलं तिथे कानशीने चकचकीत होईपर्यंत घासलं. ठिणग्या उडतात म्हणून वाळूच्या परातीवर. तेल नीट पुसणं महत्त्वाचं; तेल म्हणजे हायड्रोजन. मग डबा बंद, सळई, अकरा सेकंद. चोचीचं लेडल. या वेळी तीन मिनिटं मास्तरांनी स्वतः मोजली, मोठ्याने, गुजरातीत.

२५ ऑक्टोबर

३६, ३३, ३९. अंतर सहा ज्यूल. जूनमध्ये ते एकोणीस होतं.

ट्रेनीने पंचवीस ठिकाणं मोजली, सगळी अल्कोहोलवर पॉलिश केलेली. पुंजके दोनच, तेही लहान. शेठनी या वेळी चष्मा काढला नाही, नुसतं विचारलं, "किलोमागे किती पडतं?" सांगितलं. अडकलेल्या एका लॉटच्या भाड्यापेक्षाही कमी.

२० नोव्हेंबर

दिवाळीनंतरची पहिली एलसीबी हीट उद्या. हीट-कार्डाला एक नवा रकाना जोडला: "मिशमेटलचा रंग, वापरण्याआधी." मास्तर म्हणाले, रंग काय लिहायचा, चांदी की राख? दोनच शब्द ठेवले. डबा आता स्टोअरच्या सगळ्यात वरच्या फळीवर आहे, आणि ट्रेनीने त्याच्यावर मार्करने मगर काढून ठेवली आहे.